रंगावरची धूळ आणि खोलीतला वास: घरगुती पेंट बूथ यातलं काय सोडवतो?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. प्लास्टिकच्या, १/२४ मापाच्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या) दोन मॉडेल गाड्या बनवून झाल्या, रंग स्प्रे कॅनने मारला, दोन्हींच्या टपावर बारीक कण बसले आणि खोलीतला वास दोन दिवस हटला नाही. पुढे एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबावर रंगाचा बारीक फवारा मारणारं पेनासारखं साधन, घ्यायचा विचार आहे. त्याआधी प्लास्टिकच्या मोठ्या खोक्याला संगणकाचे दोन पंखे आणि कोळशाचा फिल्टर लावून, नळी खिडकीबाहेर न काढता, घरच्या घरी बूथ, म्हणजे उडणारा रंग आणि वास ओढून घेणारं रंगवायचं खोकं, करायचा आहे. चालेल का?

आहे तसा नाही चालणार. पण पंखे बदला म्हणून मी मोकळा झालो, तर नवा बूथ बांधूनही टपावर कण दिसतील आणि तुम्ही मला शिव्या द्याल. कारण तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी एकाच दोरीने बांधल्या आहेत. वास आणि हवेत उडणारा रंग ही एक, ओल्या रंगावर बसणारी धूळ ही दुसरी. बूथ पहिलीवर उपाय आहे. दुसरीवर तो उपाय नाहीच, उलट थोडी भरच घालतो.

खऱ्या गाड्या रंगवतात त्या बूथमध्ये गाळलेली हवा आत सोडतात. आपण घरी करतो ते उलटं असतं: खोलीतली हवा, जशी असेल तशी, खोक्याच्या तोंडातून आत ओढायची आणि मागून बाहेर टाकायची. ती हवा मॉडेलवरून जाते. पंखा जितका दमदार, तितकी खोलीतली जास्त धूळ तुमच्या ओल्या टपावरून फिरून जाणार. बूथ लावल्यावर धूळ वाढली असं कोणी म्हणालं तर त्याचं चुकत नाही.

आधी हवेचं बघू, कारण तिथे तब्येतीचा संबंध येतो.

माझा पहिला बूथ तुमच्या आराखड्यासारखाच होता. खोकं, दोन पंखे, मागे फिल्टरची पातळ गादी, आणि हवा परत त्याच खोलीत. पहिल्या दिवशी वाटलं, वाह, वासच नाही. तासाभराने घरातलं कोणी दारात आलं आणि नाक दाबून उभं राहिलं. वास होताच, माझं नाक त्याला सरावलं होतं. आठवड्याने मागच्या फळीवर बोट फिरवलं तर लाल भुकटी निघाली. तेव्हा दोन गोष्टी कळल्या. गादीने रंगाचे मोठे थेंब अडवले होते, बारीक कण पार झाले होते. आणि थिनरची वाफ तर तिच्यातून सरळ निघून गेली होती, कारण वाफ हा वायू आहे, तो धाग्यांच्या गादीत अडकत नाही. कोळसा वाफ धरतो हे खरं, पण त्याची धरण्याची क्षमता ठरावीक असते. बूथमध्ये बसते तेवढी पातळ चादर कॅनच्या माऱ्यासमोर लवकर भरते, आणि भरली हे सांगायला तिच्यावर दिवा लागत नाही. नाकावर विसंबावं तर नाकाचं काय होतं ते वर सांगितलंच. म्हणून लॅकर किंवा एनॅमल, म्हणजे थिनरवर चालणारे रंग, वापरणार असाल तर नळी बाहेर काढायलाच हवी, यात मी तडजोड सुचवणार नाही. बाहेर म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीखाली नव्हे, हेही ओघाने आलंच.

पंख्याचा हिशोब सोपा आहे. बूथच्या तोंडाशी हवेचा वेग मिनिटाला सुमारे १०० फूट, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर, असावा असा सर्वमान्य अंदाज आहे. तोंडाचं क्षेत्रफळ चौरस फुटांत काढा, १०० ने गुणा, की मिनिटाला किती घनफूट हवा ओढायची ते आलं. पंख्यावर हाच आकडा सीएफएम म्हणून छापलेला असतो. तोंड २४ × १८ इंच असेल तर ३ चौरस फूट, म्हणजे ३०० सीएफएम. संगणकाचा १२० मिलिमीटरचा साधा पंखा मोकळ्या हवेत साधारण ५० ते ७० देतो. दोन लावले तरी निम्म्याच्या खाली, आणि तेही समोर काहीच अडथळा नसताना. समोर फिल्टर, मागे वळणावळणाची नळी आली की हे पंखे जवळजवळ गप्प बसतात. पातळ पात्यांच्या पंख्यांचा हा स्वभावच आहे. हवा हलवणं त्यांना जमतं, अडथळ्यातून रेटणं जमत नाही. ते काम ब्लोअरचं, म्हणजे पिंजऱ्यासारखी चकती फिरते त्या पंख्याचं, किंवा नळीच्या मधे बसतो त्या इनलाइन डक्ट फॅनचं. छापील आकडा मोकळ्या हवेतला असतो, त्यामुळे गरजेच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा घ्या.

आता याच हिशोबाची दुसरी बाजू पाहा, ती फारसं कोणी पाहत नाही. पंखा मोठा करण्याआधी तोंड लहान करता येतं. साडेचार मीटरची गाडी १/२४ मापात १९ सेंटिमीटरसुद्धा भरत नाही, रुंदी साडेसात सेंटिमीटरच्या आसपास. एवढ्याशा बॉडीसाठी दोन फुटी खिडकी कशाला? तोंड १८ × १४ इंच केलंत तर क्षेत्रफळ पावणेदोन चौरस फूट, गरज १७५ सीएफएमवर आली. एअरब्रशला एवढं पुष्कळ झालं. कॅनने मारणार असाल तर मात्र तोंड जरा मोठं ठेवा आणि खोकं पुढून मागे किमान १८ इंच खोल ठेवा. कॅन २० ते २५ सेंटिमीटरवरून मारायचा असतो, त्याचा झोत रुंद आणि जोरदार असतो, आणि उथळ खोक्यात तो मागच्या भिंतीवर आपटून थेट तुमच्या तोंडावर येतो.

फिल्टर आणि पंखा एकमेकांना चिकटवून बसवू नका. मी बसवले होते. महिन्याने फिल्टर काढला तर मधोमध पंख्याच्या आकाराचा गोल रंगलेला आणि चारी कोपरे कोरे करकरीत. म्हणजे हवा त्या गोलातूनच जात होती, बाकी फिल्टर शोभेचा. दोघांत ८-१० सेंटिमीटरची पोकळी ठेवली की ओढ सगळीकडे सारखी पसरते. फिल्टर जाडसर विणीचा, काचतंतूचा किंवा पॉलिएस्टरचा असू द्या. हेपासारखा बारीक फिल्टर चांगला वाटतो, पण रंगाने तो लवकर तुंबतो आणि मग पंखा नुसता घरघरतो.

नळीचंही तसंच. ६ इंची नळीचं क्षेत्रफळ ४ इंची नळीच्या सव्वादोन पट असतं, त्यामुळे ब्लोअरचं तोंड जेवढं आहे त्याहून बारीक नळी जोडून त्याचा गळा दाबू नका. वळणं कमीत कमी, आणि घडीची नळी असेल तर ताणून सरळ. जमल्यास पंखा खिडकीच्या टोकाला बसवा. मग सगळी नळी ओढीखाली राहते, एखादा जोड फटकला तरी खोलीतली हवा नळीत शिरते, नळीतली वाफ खोलीत येत नाही. हे मला तिसऱ्या बूथला सुचलं. आणि दाराची किंवा दुसऱ्या खिडकीची बोटभर फट उघडी ठेवा. बंद खोलीतून हवा ओढत राहिलात तर बाहेरून तेवढी आत यायला वाट नसते आणि पंख्याचा दम अर्ध्यावर येतो.

मोजायला यंत्र नको. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी तोंडाच्या वरच्या कडेला चिकटवा. पंखा चालू केल्यावर ती आत ओढली जाऊन तिरकी राहिली पाहिजे. नवीन फिल्टर असताना किती तिरकी होते ते बघून ठेवा. पट्टी सरळ लोंबायला लागली की फिल्टर बदलायची वेळ झाली.

ठिणगीबद्दल दोन टोकं ऐकायला मिळतात: कोणी म्हणतं स्फोट होईल, कोणी म्हणतं काही होत नाही. टोल्युइनची वाफ हवेत साधारण १.२ टक्के झाली की पेट घेऊ शकते, अ‍ॅसिटोनची साधारण अडीच टक्के. पंखा नीट ओढत असेल तर एअरब्रशमधून निघणारा रंग त्याच्या जवळपासही पोचत नाही. पण कॅनमधला दाब देणारा वायूही बहुतेक वेळा ज्वलनशील असतो, आणि पंखा बंद असताना खोक्यात साचलेली वाफ ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून ब्रश असलेली मोटर (आत कार्बनचे तुकडे घासत वीज नेतात ती) हवेच्या मार्गात नको. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर तर अजिबात नको, तिच्या ब्रशजवळ ठिणग्या उडतच असतात आणि ओढलेली हवा तिच्यातूनच जाते. बटण बूथच्या बाहेर, हाताला येईल असं ठेवा. जवळपास ज्योत किंवा हीटर नको. दिवाही खोक्याबाहेर, छताला लावलेल्या पारदर्शक पत्र्याच्या वर. तो थोडा तिरका लावा, म्हणजे टपावर त्याचं प्रतिबिंब दिसेल. रंग ओला बसतोय की कोरडा, हे त्या प्रतिबिंबात कळतं, रंगाकडे बघून कळत नाही.

बूथ असला तरी मास्क लागतो. साध्या कापडी किंवा धुळीच्या मास्कने वाफ अडत नाही. सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज आणि त्यावर कणांचा फिल्टर, असा अर्ध्या चेहऱ्याचा रबरी मास्क घ्या आणि वापर झाला की हवाबंद पिशवीत ठेवा, नाहीतर कार्ट्रिज पडल्या पडल्या खर्ची पडतं. दोन भाग मिसळून करतात त्या टू-के क्लिअरच्या (रंगावरच्या पारदर्शक चमकदार थराच्या) मोहात निदान सुरुवातीला पडू नका. त्याची चमक भुरळ घालणारी असते, पण त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो, आणि त्याचा वास तुम्हाला वेळेवर सावध करेल याची खात्री नसते.

आता धूळ. इथे तुम्ही मला एक गोष्ट सांगितलेली नाही: ते कण दिसतात कसे? मोठं भिंग घेऊन टप बघा. कारण ज्याला आपण सरसकट धूळ म्हणतो, त्यात बऱ्याचदा निम्मी धूळच नसते.

धागा किंवा केस दिसला तर ती खरी धूळ, आणि बहुतेक वेळा ती तुमच्या बाहीवरून आलेली असते. टपाच्या कडेला किंवा बॉनेटच्या पलीकडच्या भागात एकसारखा वाळूसारखा खरखरीतपणा असेल तर तो हवेतच सुकलेला रंग. कॅन फार लांबून धरला किंवा हात फार भरभर फिरवला की थेंब पोचेपर्यंत कोरडे होतात. एकेकटे, गोल, रंगाच्याच छटेचे उंचवटे असतील तर रंग नीट हलवला नव्हता किंवा नोझलच्या तोंडावरचा गोळा उडाला. दाराच्या रेषांत आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांत पांढुरकी भुकटी अडकलेली असेल तर ती प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) घासल्याची, धुवायची राहिलेली. या चार रोगांना चार औषधं आहेत, आणि त्यांतल्या एकालाही नवा बूथ लागत नाही.

मी काय करतो ते सांगतो. प्रायमर १००० किंवा १५०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासला की बॉडी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन पुन्हा धुतो. साचा सुटावा म्हणून लावलेलं तेल काढायला पहिली धुलाई प्रायमरच्या आधी सगळेच करतात. ही दुसरी धुलाई बरेच जण टाळतात, आणि रेषांतली भुकटी नंतर कॅनच्या झोताने उडून टपावर बसते. वाळवताना कापडाने खसखसा पुसायचं नाही. प्लास्टिकला कोरडं कापड घासलं की त्यावर स्थिर वीज तयार होते आणि ते आजूबाजूची धूळ गोळा करतं. तुमचं प्लास्टिकचं खोकंही याच दोषाचं आहे. ते वापरायचंच असेल तर आतून ओलसर फडक्याने पुसून घेत चला. मी प्लायवूडचं केलं आणि आतून गुळगुळीत पांढरा रंग दिला.

पंखा दहा मिनिटं आधी चालू करतो, म्हणजे खोक्यातली आणि नळीच्या तोंडाशी बसलेली धूळ जायची ती आधीच जाते. खोलीतला छताचा पंखा बंद. लोकरी कपडे नाहीत, अंगात गुळगुळीत कापडाचा शर्ट, बाह्या दुमडून. त्याच दिवशी त्याच खोलीत झाडू मारायचा नाही. झाडायचंच असेल तर आदल्या दिवशी.

मारताना बॉडीचा तुमच्याकडचा भाग आधी घ्या आणि फिल्टरच्या दिशेने पुढे जा. हवा तिकडेच वाहते आहे, त्यामुळे उडालेला रंग अजून न रंगवलेल्या भागावर पडतो आणि पुढच्या फेरीत ओल्या थराखाली विरघळतो. उलट्या क्रमाने गेलात तर तो नुकत्याच रंगवलेल्या, सुकायला लागलेल्या भागावर बसतो, आणि मग टप खरखरीत का, म्हणून आपण खोलीला दोष देत बसतो. कॅन आधी कोमट पाण्यात पाचेक मिनिटं ठेवावा. हाताला सहज सोसवेल इतपतच, उकळतं पाणी किंवा ज्योत कधीही नाही. थोडा गरम झाला की दाब वाढतो, थेंब बारीक होतात. मग दोन मिनिटं हलवायचा. पहिले दोन हात विरळ, खालचा प्रायमर दिसत राहील असे. तिसरा ओला. बटण बॉडीच्या बाहेर दाबायचं आणि बाहेरच सोडायचं, म्हणजे सुरुवातीचा शिंतोडा टपावर पडत नाही.

आणि आता या सगळ्यातला मला सर्वांत उपयोगी पडलेला भाग. ओला हात मारून झाला की पहिली दहा-पंधरा मिनिटं लॅकर चिकट असतो आणि खरी धूळ तेव्हाच बसते. या वेळात पंखा चालू ठेवावा तर हवा धूळ घेऊन वरून जाते, बंद करावा तर वाफ साचते. मी बूथमध्येच एक डबा उपडा ठेवतो, आतून ओलसर फडक्याने पुसलेला. बॉडी त्याखाली सरकवायची आणि डब्याच्या कडेखाली दोन पेन्सिली ठेवून फट राखायची. वाफ जड असते, ती खालच्या फटीतून निघते आणि पंखा ती ओढून नेतो. वरून पडणारी धूळ डब्याच्या पाठीवर बसते. फट न ठेवता घट्ट झाकलंत तर वाफ आतच कोंडते आणि रंग मऊ राहतो. एका निळ्या कूपेच्या दारावर माझ्या अंगठ्याचा ठसा अजून आहे.

एवढं करूनही एखादा कण बसेल. ओल्यात त्याला हात लावू नका, चिमटासुद्धा नको. पूर्ण सुकू द्या, मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून फक्त तेवढा उंचवटा उतरवा आणि पुढचा हात मारा. साध्या रंगात एवढंच. मेटॅलिकमध्ये मात्र घासलं की चमकीचे कण सरकतात आणि तिथे डाग दिसतो, त्यामुळे तिथे घासण्यानंतर मेटॅलिकचा एक विरळ हात परत द्यावा लागतो. पॉलिशिंग नेहमी क्लिअरवर, मेटॅलिकवर थेट नाही. बंपर आणि आरसे वेगळे असतील तर ते बॉडीबरोबर, ती ज्या स्थितीत असते त्याच स्थितीत धरून रंगवा, नाहीतर एकाच डबीतल्या रंगाच्या दोन छटा दिसतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. हवा दमट असेल तर लॅकरवर पांढुरकी साय येते: थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि त्यावर हवेतलं पाणी बसतं. तो बूथचा दोष नव्हे. तो दिवस सोडून द्या किंवा हळू उडणारं रिटार्डर थिनर थोडं घाला. नळी बाहेर काढायला जागाच नसेल, घरात लहान मूल असेल, तर मी बूथचा आटापिटा न करता एअरब्रश आणि पाण्यावर चालणारे अ‍ॅक्रिलिक रंग घेईन. खोक्यात कणांचा फिल्टर आणि तोंडावर मास्क तेव्हाही लागतोच, पण वाफेचा प्रश्न बराच हलका होतो. लॅकरची चमक आणि कडकपणा त्यात सहज मिळत नाही, पॉलिश करताना ते जाणवतं. कॅन मग वारा नसेल तेव्हा उघड्यावर मारायचे आणि बॉडी झाकून आत आणायची. पुष्कळ सुरेख गाड्या अशाच रंगल्या आहेत.

एअरब्रश घ्याल तेव्हा डबल अ‍ॅक्शन (एकाच बटणाने हवा आणि रंग दोन्ही वेगवेगळे सोडता येतात असा), वरून रंग ओतायचा आणि ०.३ मिलिमीटर नोझलचा घ्या. दाब १५ ते २० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), रंग दुधाइतका पातळ. त्यावर वेगळं लिहावं लागेल, म्हणून इथे थांबतो.

तुमच्या जागी मी या क्रमाने जाईन. भिंग घेऊन त्या दोन टपांवरचे कण कोणत्या जातीचे ते आधी बघा. मग एक प्लास्टिकचा चमचा बॉडीसारखाच प्रायमर देऊन, घासून, धुऊन, उघड्यावर रंगवा आणि पेन्सिलींवरच्या डब्याखाली वाळवा. चमच्याची पाठ टपासारखीच गोलाई घेते, त्यामुळे त्यावर जे दिसेल तेच गाडीवर दिसेल. चमचा स्वच्छ निघाला तर तुमचा धुळीचा प्रश्न एका डब्यात सुटला आणि बूथ फक्त वासासाठी बांधायचा राहिला. तेव्हा खिडकीपासून टेबलापर्यंतचं अंतर मोजा आणि नळीला किती वळणं येतात ते मला कळवा. पंखा कुठला घ्यायचा हे त्याच्याशिवाय सांगता येणार नाही.